अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा 'बँड ऑफ जिप्सीज' हा लाइव्ह अल्बम आधी ऐकावा की स्टुडिओतले अल्बम? लाइव्हमध्ये नुसता गोंगाट आहे म्हणतात.

'गोंगाट' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. १९९६ साली दादरच्या गिटार क्लासमध्ये मी हाच शब्द ऐकलाय.

सरांना ऐकवायला मी या अल्बमची कॅसेट नेली होती. त्यातलं 'मशीन गन' हे गाणं सुरू होतं तिथपर्यंत घरूनच पेन्सिलीने रीळ फिरवून ठेवलं होतं. गाणं साडेबारा मिनिटांचं. चौथ्या मिनिटाच्या आसपास सोलो येतो. पहिलाच सूर असा ताणून धरलाय की आपण श्वास रोखतो. तो सूर लागला आणि सरांनी खटकन बटण दाबलं. "हा गोंगाट आहे. पेडलवर पाय ठेवला की कोणीही करेल. आधी सुरात वाजवायला शीक." सगळ्या पोरांसमोर! वर्षाची फी भरलेली होती, तरी मी परत गेलो नाही.

पहिल्या पगारातून फझ पेडल घेतलं, म्हणजे गिटारचा आवाज फाटका करणारी, पायाने दाबायची डबी. पाय ठेवला, आणि नुसती खरखर आली. तार ओढायचो तर सूर थोडा खालीच राहायचा, वर नेला तर थरथरायचा. फझमुळे ही चूक झाकत नाही, उलट मोठी होऊन कानावर येते. हेंड्रिक्सकडे फझ होता, आवाज 'वॉ-वॉ' असा उघडबंद करणारा वॉ होता, वरच्या सप्तकातला सूर जोडणारा ऑक्टेव्हिया होता, आवाजाला हेलकावे देणारा युनि-व्हाइब होता. एवढं सगळं चालू असताना तो सूर जागच्या जागी धरतो. सुरात वाजवणं म्हणजे आणखी काय असतं, सर?

आणि त्या सुरातली किंकाळी उगाच नाही. १ जानेवारी १९७०, न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट सभागृह. गाणं सुरू करण्याआधी तो ते शिकागो, मिलवॉकी, न्यूयॉर्कमध्ये लढणाऱ्या सैनिकांना अर्पण करतो, मग व्हिएतनाममधल्या. तो स्वतः पॅराट्रूपर होता, बास गिटारवरचा बिली कॉक्स त्याचा लष्करातलाच दोस्त. ड्रमर बडी माइल्स स्नेअर ड्रमवर अक्षरशः गोळ्या झाडतो. हे माहीत असताना कोणी गोंगाट म्हणत असेल तर त्याच्याशी मी वाद घालत नाही.

तेव्हा हाच आधी ऐका, स्टुडिओतले नंतर.

हां, एक सांगायचं राहिलं. दोन रात्रींत चार कार्यक्रम झाले, अल्बममध्ये त्यातली सहाच गाणी आहेत, आणि तो निघाला मुख्यतः एका जुन्या कराराचं भांडण मिटवायला. बडी माइल्सची दोन गाणी पहिल्या खेपेला सोडलीत तरी चालेल. सोबत वाजवणार असाल तर सहाही तारा थोड्या उतरवून घ्या, नाहीतर जुळणार नाही.

क्लासला जात असाल तर तिथेही लावा. पूर्ण साडेबारा मिनिटं. मध्ये कोणालाही बटणाला हात लावू देऊ नका.