'स्थान' की 'ठिकाण'?

प्रश्न असा आहे : फोनमधील नकाशांविषयी लिहिताना 'लोकेशन' आणि 'प्लेस' या दोन्हींसाठी 'स्थान' हा एकच शब्द चालेल का, आणि 'स्थानाला अर्थ देणे' हा प्रयोग मराठीत बसतो का?

माझ्या मते एकच शब्द वापरू नये, कारण या तंत्रज्ञानातील खरी अडचण त्या दोहोंमधील अंतरातच आहे. उपग्रहांच्या संदेशांवरून फोन जे अक्षांश-रेखांश काढतो, त्यांच्यासाठी 'स्थान' हा शब्द चपखल आहे. अंकगणितातही आपण एकक, दशक, शतक यांना स्थानेच म्हणतो आणि तेथे कोणता अंक बसला आहे याच्याशी स्थानाला कर्तव्य नसते. अक्षांश दशांश चिन्हानंतर पाच अंकांपर्यंत दिला, तर शेवटच्या अंकातील एकाचा फरक जमिनीवर सुमारे १.१ मीटर भरतो. पण इतक्या बारकाईनंतरही तळमजल्यावरचे ग्रंथालय आणि त्याच्या बरोबर वरचा दवाखाना यांचे अक्षांश-रेखांश एकच राहतात. माणूस वाचायला आला आहे की औषध घ्यायला, हे कळले तरच ठिकाण कळले.

'ठिकाण' या शब्दात माणसाचा वावर गृहीत आहे. कोणाचा ठावठिकाणा विचारणारा आकडे मागत नसतो, आणि 'मन ठिकाणावर नाही' असे म्हणताना मनाचे एक हक्काचे ठिकाण आपण मानलेलेच असते. भूगोलतज्ज्ञ यी-फू तुआन यांनी १९७७ मध्ये हाच विचार मांडला होता : अनोळखी जागेची ओळख होत जाते, तिला मोल येते, तेव्हा तिचे ठिकाण होते.

'स्थानाला अर्थ देणे' हा प्रयोग व्याकरणदृष्ट्या चूक नाही, पण मोघम आहे, कारण तो कर्ता लपवतो. फोन बहुतेक रात्री जेथे असतो ते 'घर', असा नियम प्रणालीने लावला, तर रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेचे घर रुग्णालय ठरेल. म्हणून प्रणालीच्या बाबतीत 'ठिकाण ताडणे' आणि वापरणाऱ्याच्या बाबतीत 'ठिकाणाला नाव देणे' असे वेगवेगळे लिहावे. परवानगी मागणाऱ्या सूचनेत मात्र 'स्थान' ठेवण्यास हरकत नाही, फक्त त्या स्थानांवरून पुढे काय ताडले जाणार आहे, ते तेथेच 'आपण भेट दिलेली ठिकाणे' अशा स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.