फोन केल्याशिवाय कोणी येत नाही

प्रश्न : आम्ही अनेक वर्षे इंदूरच्या लोकमान्यनगरात राहतो. करोनापूर्वी संक्रांत ते रथसप्तमी या काळात आमच्याकडे हळदीकुंकवाला ओळखीच्या, अर्ध्या ओळखीच्या पुष्कळ जणी येत. आता वाण पिशवीत घालून दारातूनच दिले जाते आणि फोन केल्याशिवाय कोणी येत नाही. यजमानांचा सकाळी फिरून पोहे-जिलबी खाणारा गटही मोडला. उलट, पुण्याच्या वन्सं पूर्वी सणासुदीलाच बोलत, त्या आता दर रविवारी व्हिडिओ कॉल करतात. माणसे बदलली, की आमचेच काही चुकले?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपले काही चुकलेले नाही. वन्संशी असलेले नाते भेटीवर अवलंबून नव्हते, म्हणून भेटी थांबताच त्याने फोनचा रस्ता धरला. ज्यांचा नंबरही आपल्याकडे नसतो, अशा ओळखी मात्र ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ यांवरच टिकतात, आणि अंतर पाळण्याच्या नियमाने नेमक्या त्याच काढून घेतल्या. अशा सैल ओळखी किरकोळ नसतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या परिचितांमुळे मिळाली होती. आपल्याकडे मुलासाठी स्थळ, भाड्याची खोली, गुडघ्याचा चांगला डॉक्टर यांची माहिती हळदीकुंकवातच मिळत असे, हे आपल्याला ठाऊकच आहे.

राहिला प्रश्न सवयीचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा संशोधकांचा अंदाज होता. देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च ते ३१ मे २०२० अशी ६८ दिवस चालली. (हा योगायोग फार ताणू नये.) त्यानंतर २०२१ ची दुसरी लाट आली आणि कोणाकडे न जाणे हेच शहाणपणाचे व सभ्यपणाचे ठरले. नियम उठला तरी कोणाच्या दारात अचानक उभे राहण्याचा संकोच उरला. फोन करून येण्यात मला स्वतःला काही वावगे वाटत नाही. अवेळी आलेल्या पाहुण्यांसाठी चहा टाकणाऱ्या सुनांना विचारून पाहावे.

आपल्याच शहरातील रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, पाहा. दोन वर्षे ती निघाली नाही, पण २०२२ मध्ये निघाली तेव्हा राजवाड्यावर पूर्वीसारखीच गर्दी लोटली. तिची तिथी आणि मार्ग सर्वांना ठाऊक असतो. आमंत्रणाची वाट कोणी पाहत नाही. हळदीकुंकू आमंत्रणावर चालते, आणि पहिले आमंत्रण कोणी द्यायचे यावरच ते अडून बसते.

म्हणून येत्या संक्रांतीला एकेकीला विचारत न बसता एक दिवस व चार ते सात अशी वेळ जाहीर करावी, आणि तीच वेळ पुढच्या वर्षीही ठेवावी. यजमानांनी जुन्या मंडळींना गोळा करण्याची खटपट सोडून रोज ठरावीक वेळी त्याच दुकानावर जावे. दोघे भेटले तर तिसरा येतो. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे किंवा ज्यांनी त्या काळात कोणाला गमावले आहे, त्या आल्या नाहीत तर त्यांचे वाण पूर्वीसारखेच दारात द्यावे व कारण विचारू नये.