आजी खोटं सांगते का?

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. मुलगा सातवीत आहे. शाळेत उत्क्रांतीचा धडा सुरू झाला. त्याचा जिवलग मित्र चर्चला जाणाऱ्या घरातला. तो म्हणाला, हे सगळं खोटं आहे, देवाने सहा दिवसांत जग केलं. माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्या नातवाला म्हणाल्या, "अरे, डार्विनच्या कितीतरी आधी आपल्या दशावतारात हेच सांगितलंय. आधी मासा, मग कासव, मग वराह." त्याने ते वर्गात सांगितलं. बाई म्हणाल्या, गोष्ट छान आहे, पण हे विज्ञान नव्हे. मुलगा हिरमुसून घरी आला. नवरा म्हणतो, देवाच्या गोष्टीच बंद करा. रात्री मुलाने मला विचारलं, "आई, आजी खोटं सांगते का?" काय सांगू त्याला?

उत्तर : ताई, त्याला सांगा, आजी खोटं सांगत नाही. मात्र दशावताराचं जे काम नाही, ते तिने त्याच्याकडून करून घेतलं. ही दोन्ही वाक्यं त्याला एकत्रच ऐकू द्या. नुसतं पहिलं सांगितलंत तर बाईंचं म्हणणं खोटं ठरेल, नुसतं दुसरं सांगितलंत तर आजी उघडी पडेल.

आधी दशावताराबद्दल बोलते, कारण परदेशातल्या आपल्या घरांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. रविवारच्या संस्कारवर्गातही मी हे ऐकलं आहे. मासा पाण्यातला, कासव दोन्हीकडचं, वराह जमिनीवरचा, नरसिंह अर्धा पशू, वामन बुटका माणूस: रांग अशी लावली की ती खरंच जुळल्यासारखी दिसते. पण ही रांग डार्विनच्या आधी कुणी अशी वाचली नव्हती. त्याचा ग्रंथ १८५९ साली आला आणि ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी कलकत्त्यात ही तुलना मांडली ती १८८२ साली. म्हणजे सासूबाई जे 'आपलं जुनं' म्हणून सांगतात, तो एकोणिसाव्या शतकातला नवा अर्थ आहे. इंग्रजी राज्यात आपला धर्म मागासलेला म्हणून हिणवला जात होता, तेव्हा त्याला आधार म्हणून हा अर्थ पुढे आला. त्यामागची तळमळ मला समजते.

पण मुलगा मोठा होईल तेव्हा हा आधार टिकणार नाही. कासव सरपटणाऱ्या प्राण्यांतलं आहे, बेडकासारखं उभयचर नाही. या यादीत ना पक्षी, ना कीटक, ना झाडं. परशुराम रामालाही भेटतो आणि पुढे भीष्मालाही शिकवतो, मग पायरी कुठली धरायची? नववा अवतार काही ठिकाणी बुद्ध, काही ठिकाणी बलराम, आणि आपल्याकडच्या जुन्या पंचांगांत, चित्रांत तिथे चक्क विठोबा उभा असतो. मुख्य म्हणजे उत्क्रांती हा जिनाच नाही. ते फांद्या फुटत गेलेलं झाड आहे, आणि आपण त्याच्या शेंड्यावर बसलेलो नाही, कितीतरी डहाळ्यांपैकी एका डहाळीवर आहोत. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मुलाला हे कळेल, तेव्हा तो म्हणेल, आजीचं हे चुकलं म्हणजे बाकीचंही चुकलंच असणार. विज्ञानाच्या काठीवर उभा केलेला देव काठी निसटली की पडतो. मला भीती याची वाटते.

मग त्या गोष्टींचं काम काय? अवतार म्हणजे खाली उतरणं. मत्स्य मनूची नाव ओढतो, वराह बुडालेली पृथ्वी सुळ्यावर उचलतो, नरसिंह खांबातून निघतो तो एका लहान मुलासाठी. कुणीतरी संकटात आहे आणि कुणीतरी धावून येतं, इतकंच त्यात आहे, आणि ते पुष्कळ आहे. प्राण्यांची शरीरं कशी बदलली हा प्रश्न त्या गोष्टी विचारतच नाहीत. (सासूबाई प्रवचनं ऐकत असतील तर त्यांना आवडेल म्हणून सांगते: वेदान्तात 'उत्क्रांती' म्हणजे प्राण शरीर सोडून जाणं. आजचा अर्थ त्या शब्दाला फार उशिरा मिळाला.)

आता विज्ञानाकडे. घरात 'शेवटी थिअरीच आहे ना' असं कुणी म्हणालं तर थांबवा. मराठीत आपण त्याला सिद्धान्त म्हणतो, अंदाज नव्हे. 'माणूस माकडापासून झाला' हेही नको. चिंपँझी आपला आजोबा नाही, तो फार लांबचा चुलत भाऊ आहे, आणि दोघांचे खापरपणजोबा एक. त्याच्या पेशीत गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणारे धागे, ४८, आपल्या पेशीत ४६, कारण आपल्या वंशात दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेली. आपल्या दुसऱ्या गुणसूत्रावर तो सांधा आजही दिसतो.

एका रविवारी सगळे मिळून तुमच्याच गावातल्या नॅचरल सायन्सच्या म्यूझियममध्ये जीवाश्मांच्या दालनात जा. सासूबाईंना नक्की न्या. त्यांना जम्मू भागातल्या कालाकोटच्या इंडोह्यसबद्दल सांगा. साधारण मांजराएवढा, हरणासारख्या पायांचा हा प्राणी सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या कानाचं हाड देवमाशासारखं जाड. हा देवमाशाचा चुलता आहे हे २००७ साली जगाला कळलं. पुढच्या टप्प्यातल्या आदि-देवमाशांची हाडं कच्छमध्ये सापडतात. देवमासा जमिनीवरून पाण्यात गेला, आणि त्या प्रवासाच्या खुणा आपल्या मातीत आहेत! याचा अभिमान वाटायला कुठलाही श्लोक ताणावा लागत नाही.

श्रद्धा आणि उत्क्रांती एका माणसात नांदतात का? नांदतात. अमेरिकेत डार्विनची बाजू लढवणारा हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे निष्ठावान ख्रिस्ती होता. माणसाची सगळी जनुकं वाचणाऱ्या मानवी जनुकसंच प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस कॉलिन्स चर्चला जाणारे आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली उत्क्रांती ही केवळ कल्पना राहिलेली नाही असं मान्य केलं. खुद्द डार्विनची देवावरची श्रद्धा उरली नव्हती, तरी १८७९ साली एका पत्रात त्याने लिहिलं की माणूस उत्कट आस्तिक आणि उत्क्रांतिवादी एकाच वेळी असू शकतो. हे मुलाला सांगा, म्हणजे मित्राच्या घरचं मत हेच सगळ्या ख्रिस्ती लोकांचं मत असं त्याला वाटणार नाही.

पण सगळं गोडीगुलाबीने जुळतं असंही सांगू नका. प्रत्येक प्राणी काही हजार वर्षांपूर्वी वेगळा घडवला, ही समजूत टिकत नाही. चौऱ्यांशी लक्ष योनींचा शेवट मनुष्यजन्मात, ही आपली मांडणी प्राणिशास्त्र म्हणून घेतली तर तीही टिकत नाही. आणि ज्या निसर्गात बहुतेक पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात, त्यामागे दयाळू देव कसा, हा प्रश्न खरा आहे. डार्विनची लाडकी लेक ॲनी १८५१ साली दहा वर्षांची असताना गेली. तुमच्या मुलाने हा प्रश्न विचारला तर 'मलाही हे सुटलेलं नाही' म्हणा.

तुमच्या यजमानांना माझा निरोप द्या. गोष्टी बंद केल्याने मुलगा विज्ञाननिष्ठ होत नाही, आजीपासून तुटतो. आणि उत्क्रांती नाकारण्याचा हट्ट फक्त चर्चवाल्यांचा आहे असंही त्यांनी समजू नये. २०१८ साली आपल्या औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विन चूक ठरवला, तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना एकत्र येऊन निषेध करावा लागला. २०२३ साली एनसीईआरटी या केंद्र सरकारच्या पाठ्यपुस्तक-संस्थेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. अमेरिकेत निदान १९८७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे सरकारी शाळेत बायबलमधली निर्मिती विज्ञान म्हणून शिकवता येत नाही.

मित्राशी वाद नको. त्याला जेवायला बोलवा, सासूबाईंच्या हातचं खाऊ द्या. दोघं मोठे होतील तसं बोलतील.

सासूबाईंशी मात्र तुम्ही एकट्याने बोला, मुलासमोर नको. चूक दाखवायला जाऊ नका. म्हणा, "आई, बाईंना पुरावा हवा होता आणि त्याला तुमची गोष्ट हवी होती, दोन्ही एकात गेलं." मग त्याच रात्री त्यांना नरसिंहाची गोष्ट पुन्हा सांगायला लावा. खांब कडाडतो तो भाग त्यांनी घाईत उरकला तर मुलगा सोडणार नाही.