आमच्या घरी तांदूळ 'वाढतात'

अगं, पहिल्यांदाच घराबाहेर राहतेयस ना, मग एक सांगते. रूममेट तुझ्या एखाद्या सवयीकडे बघत राहिली म्हणून लगेच ती सोडून देऊ नकोस. आमच्या घरी डबा रिकामा झाला की 'संपले' म्हणायचं नाही, 'तांदूळ वाढलेत' म्हणायचं, नारळ फोडण्याला 'वाढवणं', बांगडी फुटण्याला 'वाढणं' म्हणतात तसंच, अन्नाबद्दल अशुभ बोलायचं नाही म्हणून. मला वाटायचं सगळेच असं बोलतात. पुण्यात रूमवर मी तेच बोलले, रूममेटला वाटलं भरपूर आहेत, तिने आणलेच नाहीत आणि रात्री आम्ही दोघी त्या डब्यासमोर, तळाशी चार दाणे. तेव्हापासून मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकते, आमच्याकडे असं म्हणतात, अर्थ हा. तूही सांग आणि तिचंही विचार. तिचे बाबा भेटायला आले आणि जेवताना ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घातल्या, म्हणजे ताटाबाहेर भाताची थोडी थोडी शितं ठेवली, तर ती सांडली समजून पुसायला धावू नकोस. उष्टं-खरकटं, बाटलीला तोंड लावणं याबद्दल मात्र आधीच स्पष्ट बोला, खरी भांडणं तिथेच होतात बघ. आणि एखाद्या सवयीमागचं कारण माहीत नसेल तर आजीला फोन कर, आजच कर, माझं आजीला बरंच काही विचारायचं राहून गेलं.