इस्त्री बंद कर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो काल रात्री उशिरापर्यंत बघत होतो. पाच लिव्रची (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) असिन्या, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली कागदी नोट; त्या क्रांतीच्या दिनदर्शिकेतलं दुसरं वर्ष, ब्र्युमेर महिन्याची १० तारीख. म्हणजे ३१ ऑक्टोबर १७९३. मधोमध घडी, कोपऱ्याला डाग. आणि खाली तुझा प्रश्न : कापडाखाली ठेवून हलकी इस्त्री फिरवली तर ग्रेड, म्हणजे नोटेच्या स्थितीचा दर्जा, वाढेल का?

नाही. नोटेला हात लावू नकोस.

याच मालिकेतली माझी नोट मी तुझ्या वयात इस्त्री केली होती. घडी गेली, कागद करकरीत दिसायला लागला, मी हरखलो. एका जुन्या संग्राहकांनी ती खिडकीपाशी तिरपी धरली आणि काही न बोलता परत दिली. या नोटेवर शाईशिवाय, नुसते दाबून उठवलेले शिक्के असतात. तिरप्या उजेडात त्यांची कडा दिसते. माझ्या नोटेवर ती उरलीच नव्हती. इंग्लंडमध्ये छापलेल्या बनावट असिन्या फ्रान्समध्ये घुसवल्या जात होत्या. अस्सल ओळखायची एक खूण मी स्वतःच्या हातानं सपाट केली. ती नोट मी कधी विकली नाही. विकवलीच नाही.

चर्चच्या जप्त जमिनींच्या तारणावर १७८९ मध्ये हा कागद निघाला आणि छापता छापता सुमारे ४५ अब्ज लिव्रवर गेला. शेवटी फेब्रुवारी १७९६ मध्ये पॅरिसच्या प्लास व्हांदोम चौकात छपाईचं सामान लोकांसमोर जाळलं. इतक्या छापल्या म्हणून काही आजही स्वस्त मिळतात, आणि स्वस्त म्हणूनच माणसं त्यांच्यावर प्रयोग करतात. अगं, ती घडी तुझ्या नोटेचा दोष नाही. रोज किंमत घसरणारा तो कागद कुणीतरी दुमडून खिशात घातला होता. कोरी नोट गठ्ठ्यात पडून राहिलेली असू शकते. तुझी बाजारात फिरली आहे. मला विचारशील तर मी तुझीच घेईन.

नोटा धुणाऱ्या, फाटीला चिकटपट्टी लावणाऱ्या दोघा-तिघांशी मी बोलणं सोडलं. लोक हट्टी म्हणतात. म्हणू देत. मी एक नोट मारली आहे, दुसरी मरताना बघणार नाही.

पीव्हीसी प्लास्टिक नसलेल्या पाकिटात, उजेडापासून लांब ठेव. हात लावू नकोस म्हणजे नकोस. आणि उद्या सकाळी पाकिटासकटच खिडकीपाशी तिरपी धरून शिक्के दिसतात का, तेवढं कळव.