वाचकांचे प्रश्न : जुनी झेन किती खाली बसवावी?

प्रश्न : माझ्याकडे २००३ सालची मारुती झेन आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि नोंदणीचे दुसरे नूतनीकरण २०२३ साली करून घेतले आहे. यंदा सोयाबीनचे पैसे आल्यावर गाडी थोडी देखणी करावी असे मनात आहे. पुढून-मागून दोन इंच खाली बसवली तर ती रस्त्याला चिकटून चालेल, असे मित्र सांगतात. तालुक्याच्या गावचा मिस्त्री प्रत्येक स्प्रिंगचा दीड वेढा कापून द्यायला तयार आहे. माझ्याजवळ आठ हजार रुपये आहेत. चाकांना १४५/७० मापाचे १३ इंची टायर आहेत. रिकामी गाडी सपाट ओट्यावर उभी करून मोजले, तेव्हा पोटाखालची सायलेन्सरची नळी जमिनीपासून १६ सेंटिमीटर वर होती. घरचे चौघे आणि मागे युरियाच्या दोन गोण्या असताना हेच अंतर १३ सेंटिमीटर भरले. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत तीन किलोमीटर पांदण आहे आणि गावात दोन गतिरोधक आहेत. काय करावे?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : तुम्ही प्रश्न विचारण्याआधी मापे घेतलीत, त्यामुळे उत्तर नेमके देता येते. दोन इंच खाली बसवू नका. फार झाले तर एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर, आणि तेसुद्धा गाडीचे शॉक अॅब्सॉर्बर (स्प्रिंगची उसळी आवरणारे दांडे) आणि सांध्यांतले रबरी बुश नवे केल्यानंतर. माझ्या मते तुमच्या आठ हजारांपैकी बहुतेक रक्कम या दुसऱ्या कामालाच लागावी.

आधी गतिरोधकाचा हिशेब पाहू. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांतला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. झेनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २,३३५ मिलिमीटर आहे, म्हणून अशा गतिरोधकावर चारही चाके एकाच वेळी चढलेली असतात आणि पोटाखालची जागा जेमतेम ४ सेंटिमीटरने कमी होते. परंतु आपल्या गावांत गतिरोधक म्हणून जो हातभर रुंदीचा सिमेंटचा उंचवटा घातलेला असतो, तो पुढची चाके उतरल्यावर आणि मागची चढण्याआधी थेट पोटाखाली येतो, आणि त्याची सगळी उंची तुमच्या मोकळ्या जागेतून वजा होते. तुमच्या गावचा उंचवटा १० सेंटिमीटर धरला, तर भरलेल्या गाडीखाली आज ३ सेंटिमीटर उरतात. दोन इंच खाली बसवल्यावर नळी उंचवट्यावर दोन सेंटिमीटर घासेल. एक इंच खाली बसवली तर अर्धा सेंटिमीटर कसाबसा वाचेल. कापलेली स्प्रिंग थोडी ताठ होते, म्हणून भरलेली गाडी पूर्वीपेक्षा काही मिलिमीटर कमी दबेल, पण त्या आधारावर बेत आखू नये. गावातले दोन्ही उंचवटे मोजून या हिशेबात खरा आकडा घाला.

पांदणीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिचे माप दर महिन्याला बदलते. काळ्या मातीत पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल जातात, दिवाळीनंतर त्या तशाच वाळून दगडासारख्या होतात, आणि मधला माथा गाडीच्या पोटाला लागतो. म्हणून स्प्रिंगला हात लावण्याआधी एक बिनखर्चाची परीक्षा घ्या. जुन्या रबरी चपलांचे तळवे एकावर एक ठेवून नळीपासून वीतभर दूर असलेल्या पोटाखालच्या लोखंडी भागाला तारेने असे घट्ट बांधा की त्यांची खालची बाजू नळीपेक्षा २५ मिलिमीटर खाली येईल. गरम नळीला, ब्रेकच्या नळ्यांना किंवा पेट्रोलच्या टाकीला ते मुळीच बांधू नका. आठ दिवस नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या ओझ्यानिशी गाडी सावकाश चालवा. रबर फाटले किंवा खरवडले गेले, तर एक इंचही तुमच्या रस्त्याला परवडणारा नाही. वाळलेल्या चाकोऱ्यांच्या दिवसांत ही परीक्षा घेतली, तर तिचा निकाल वर्षभर खरा ठरेल.

आता ‘रस्त्याला चिकटून चालते’ या समजाविषयी. वळणावर गाडी बाहेरच्या चाकांवर किती भार टाकते, हे तिच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असते. लहान मोटारीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंच धरला, तर २५ मिलिमीटरने तो फक्त पाच टक्के खाली येतो. पाच टक्क्यांचा फायदा खरा आहे, पण वीस वर्षांच्या गाडीत शॉक अॅब्सॉर्बरमधले तेल गळून गेले असेल, तर खड्ड्यावरून गेलेले चाक उसळत राहते आणि तेवढा वेळ त्याची रस्त्यावरची पकड सुटते. गाडी दोन-तीनदा हाताने दाबून सोडा. ती एकदा वर येऊन थांबण्याऐवजी झुलत राहिली, किंवा शॉकच्या दांड्याभोवती तेलकट धूळ दिसली, तर ते गेलेले आहेत. चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि स्ट्रटच्या (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या पुढच्या खांबाच्या) वरचे रबरी माउंटिंगही पहारीने हलवून तपासायला सांगा. हे सर्व नवे झाल्यावर गाडी उंचीने तेवढीच राहूनही तुमच्या मित्रांना ती खाली बसवल्यासारखी स्थिर वाटेल, असे मी खात्रीने सांगतो.

याउपर एक इंच हवाच असेल, तर पहिली पसंती तुमच्या गाडीसाठी बनवलेल्या कमी उंचीच्या नव्या स्प्रिंगांना द्यावी. त्या बजेटात बसत नसतील आणि मूळ स्प्रिंगच कापायची असेल, तर ‘दीड वेढा’ हे माप मिस्त्रीने कोठून आणले हे त्याला विचारा. गाडीच्या भाराखाली दबलेल्या स्प्रिंगची उंची भागिले तिचे चालते (म्हणजे भाराखाली प्रत्यक्ष दबणारे) वेढे, एवढ्याने एक वेढा कापल्यावर उंची घटते. उदाहरणार्थ, दबलेली उंची २४ सेंटिमीटर आणि चालते वेढे सहा असतील, तर एका वेढ्याने ४ सेंटिमीटर आणि दीड वेढ्याने ६ सेंटिमीटर घट होईल. म्हणजे ज्याला तो दोन इंच म्हणतो ते प्रत्यक्षात त्याहून जास्त ठरू शकते. तुम्हाला २५ मिलिमीटर हवे असतील, तर या उदाहरणात पाऊण वेढाही जास्त होतो. अर्ध्या वेढ्यापासून सुरुवात करावी, कारण कापलेले पुन्हा जोडता येत नाही. पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात, म्हणून हा भागाकार दोन्हींसाठी स्वतंत्र करावा. एका वेढ्याने सहा वेढ्यांची स्प्रिंग वीस टक्के ताठ होते, त्यामुळे बसणाऱ्याच्या पाठीला खड्डे जास्त जाणवतात, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवा.

कापताना पातळ चकतीचा ग्राइंडर वापरावा आणि पाणी टाकत धातू थंड ठेवावा. गॅस कटर स्प्रिंगजवळ आणू देऊ नये. स्प्रिंगचे जे टोक घासून सपाट केलेले असते ते कापू नये, खाचेत बसणारे मोकळे टोक कापावे. पुढचा स्ट्रट उघडताना स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय मधला नट सैल करणे जिवावर बेतू शकते. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा फुटतो. ज्या गॅरेजात हे साधन नाही, तेथे हे काम करूच नका. बसवून झाल्यावर गाडी घोडीवर चढवून चाके अधांतरी लोंबू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरवून पाहा. ती बैठकीत सैल फिरत असेल, तर खोल खड्ड्यात चाक खाली गेल्यावर ती जागची हलेल. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नका. शॉकच्या दांड्यावरचा रबरी बफरही पाहा: पूर्वी त्याच्यापर्यंत ६ सेंटिमीटर खेळ असेल, तर आता साडेतीनच उरेल, आणि मागच्या गोण्यांच्या भाराने तोही संपत आला असेल, तर प्रत्येक धक्का थेट बॉडीला बसेल.

उंची बदलली की चाकांचा टो, म्हणजे ती पुढून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, बदलतो, म्हणून त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करून घ्यावी आणि हेडलाइटची दिशाही तपासावी. अलाइनमेंटचे पैसे वाचवणाऱ्याचे टायर काही महिन्यांत आतल्या कडेने झिजतात आणि वाचलेल्या रकमेच्या अनेक पट खर्च होतो. कमी उंचीचे टायर घालून गाडी खाली आणण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही मोजून पाहा: १४५/७० ऐवजी १६५/६० मापाचे १३ इंची टायर घातले, तरी गाडी अडीच मिलिमीटरच खाली येते.

कायद्याची बाजू मी मुद्दाम शेवटी ठेवली असली, तरी कृतीत ती पहिली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांपेक्षा वाहन वेगळे होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमच्या गाडीला २०२८ मध्ये पुन्हा तपासणीला उभे राहायचे आहे. म्हणून जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारा, आणि विमा कंपनीलाही कळवा. उत्तर नकारार्थी आले, तर शॉक आणि बुश यांवर थांबा. मूळ मापाचे भाग बदलणे ही दुरुस्ती आहे आणि ती करायला तुम्हाला कोणी अडवत नाही.

प्रश्न : आमच्या जुन्या मोटारीच्या स्प्रिंगा एका मिस्त्रीने गॅसच्या ज्योतीने लाल करून दाबल्या. तेव्हा गाडी दोन इंच खाली बसली, पण आता डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर खाली आहे आणि ती अजून खाली जात आहे. पुन्हा तापवून नीट करता येईल का?
— एक वाचक, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

उत्तर : नाही, आणि कृपा करून तसा प्रयत्न करू नका. लोहार विळ्याला किंवा वखराच्या पासेला पाणी देतो, तेव्हा तापवणे आणि थंड करणे यांच्या नेमक्या प्रमाणावर तिची धार टिकते. स्प्रिंगचे पोलाद दबून पुन्हा मूळ आकारात येते तेही अशाच मोजून दिलेल्या उष्णतेमुळे. ते लालबुंद झाले, म्हणजे सातशे अंशांच्या आसपास पोहोचले, की कारखान्यात दिलेले पाणी उतरते. त्या जागी धातू मऊ पडतो आणि रोजच्या भाराने दबत जातो, तर मऊ आणि ताठ भागांच्या सीमेवर तडा जाण्याची भीती असते. दोन्ही बाजूंना ज्योत सारखी लागलेली नसते, म्हणूनच तुमची डावी बाजू जास्त बसली. अशा गाडीला ब्रेक लावताना एका बाजूला ओढ जाणवू शकते. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा जोडीनेच नव्या घ्या. नव्या जमत नसतील, तर त्याच मॉडेलच्या भंगारात निघालेल्या गाडीच्या, न तापवलेल्या आणि गंज न चढलेल्या स्प्रिंगा घ्या. तोपर्यंत कुटुंबाला घेऊन लांबच्या प्रवासाला जाऊ नका. हे मी काळजीने लिहीत आहे, कारण स्प्रिंग तुटण्याआधी ती सूचना देईलच असे नाही.

प्रश्न : माझी मारुती ८०० मागून आपोआपच खाली बसली आहे. दिसायला बरी दिसते. तशीच राहू द्यावी का?
— एक वाचक, मोर्शी तालुका, जि. अमरावती

उत्तर : राहू देऊ नये. थकलेल्या स्प्रिंगेने तिचा खेळ आधीच वापरलेला असतो, आणि मागे दोन माणसे बसताच ती रबरी बफरवर टेकते. मागच्या दोन्ही मडगार्डच्या कडा जमिनीपासून मोजा, मूळ उंचीच्या त्याच मॉडेलशी ताडून पाहा, आणि फरक दोन बोटांहून अधिक असेल तर मागच्या दोन्ही स्प्रिंगा बदला. वेढ्यांच्या मध्ये रबराचे तुकडे अडकवून गाडी उचलून देणारे बरेच जण भेटतील. त्याने ती वर दिसते, पण अडकवलेले वेढे काम करायचे थांबतात आणि उरलेल्यांवर सगळा ताण येतो.