माझी ताई एवढी शिकलेली, तरी ऑनलाइन प्रेमाच्या स्कॅममध्ये कशी अडकली? यावर काही अभ्यास झालाय का?

झालाय, आणि बराच झालाय. मी काही संशोधक वगैरे नाही, एमए सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला हाच विषय घेतला होता म्हणून पाच-सहा महिने हेच पेपर वाचत बसलो होतो. खरं सांगायचं तर विषय घेताना मलाही जरा गंमतच वाटली होती, न भेटलेल्या माणसाला लोक पैसे पाठवतातच कसे म्हणून. दोन पेपर वाचून झाल्यावर गंमत वाटायची बंद झाली.

तुम्ही लिहिलंय ताई 48 वर्षांची आहे, कॉलेजात शिकवते, आठ महिने त्या माणसाशी बोलत होती, पैसे गेले, फोटो भलत्याच कुणाचे निघाले, तरी अजून रात्री फोन हातात धरून बसते आणि घरचे म्हणतात एवढी शिकून बावळट कशी. तर आधी त्या बावळटपणाचं बघू. या विषयात मोनिका व्हिट्टी या बाईंचं नाव सारखं भेटतं. त्यांच्या 2018 च्या पेपरात या स्कॅममध्ये फसलेले लोक आणि असल्या कुठल्याच स्कॅममध्ये न फसलेले लोक यांची तुलना आहे, आणि फसलेल्यांत मध्यमवयीन, चांगल्या शिकलेल्या बायकांचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणजे तुमची ताई अपवाद नाहीच. त्याआधी 2014 ला त्यांनी टॉम ब्युकॅनन यांच्यासोबत एक अभ्यास केला होता, त्यात एकटेपणा, स्वभाव असं बरंच काही तपासलं, पण उठून दिसली ती एकच गोष्ट, जोडीदाराला मनातल्या मनात फार उंचावर नेऊन बसवायची सवय. आता ही सवय कुणाला नसते?

मला विचाराल तर 'कसली माणसं फसतात' यापेक्षा 'फसवतात कसं' हा भाग जास्त कामाचा आहे. व्हिट्टींनी 2013 ला याच्या पायऱ्या मांडल्या. माणसाला आधीपासून मनाजोगा जोडीदार हवा असतो, मग तशीच प्रोफाइल समोर येते, मग आठवडेच्या आठवडे, कधी महिने नुसतं बोलणं, सकाळ त्याच्या मेसेजने आणि रात्रही त्याच्याच. पैशाचं नाव नाही. मग एक दिवस अडचण येते. कधी आधी छोटी रक्कम मागून बघतात आणि ती मिळाली की मोठी, कधी उलटं, आधी अशक्य आकडा सांगतात आणि नाही म्हटलं की खाली येतात, मग तेवढे द्यायला जड जात नाही. आणि पुढचं तर मी प्रोजेक्टमध्ये लाल पेनाने अधोरेखित केलं होतं: त्या म्हणतात हे जुगारासारखं चालतं. जुगारी थोडक्यात हरला की त्याला हरल्यासारखं वाटत नाही, आता जिंकलोच होतो असं वाटतं. इथे तसंच, तिकीट काढलं, निघालो, मध्येच काहीतरी अडलं, एवढे भरले की आलोच. दरवेळी भेट हातातोंडाशी येते. ताईने परत परत का पाठवले याचं उत्तर मला तरी इथेच सापडलं.

अजून एक. लोक ऑनलाइन कसे बोलतात याचा अभ्यास करणारे जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्येच लिहून ठेवलंय की नुसत्या लिहिण्यातून जमलेलं नातं कधीकधी समोरासमोरच्या नात्यापेक्षाही जवळचं होतं, कारण लिहिणारा सावकाश विचार करून छान तेवढंच लिहितो आणि वाचणारा मधल्या रिकाम्या जागा स्वतःच्या मनाने भरतो. म्हणजे ताईचं ज्याच्यावर प्रेम होतं तो अर्धा माणूस तिनेच घडवलेला होता, फोटो खोटे निघाले म्हणून तो अर्धा कुठे जाणार?

आणि ती रात्री फोन का बघते, तर व्हिट्टी आणि ब्युकॅनन यांचाच 2016 चा पेपर आहे, 20 जणांच्या मुलाखती. त्यात 'दुहेरी फटका' असा शब्द आहे, पैसा जातो आणि नातंही जातं, आणि बहुतेकांना पैशापेक्षा नातं गेल्याचं दुःख जास्त होतं. बऱ्याच जणांनी ते कुणीतरी गेल्यासारखं सांगितलं. फरक एवढाच की एरवी कुणी गेलं तर लोक भेटायला येतात, इथे घरचेच ओरडतात. बहुतेकांना सावरताच आलं नाही कारण घरच्यांनी, मित्रांनी ते दुःख समजूनच घेतलं नाही. आणि ज्यांना तो खोटा माणूस आणि तो भामटा हे दोन वेगळे करता येत नाहीत ते दुसऱ्यांदा फसायची भीती असते.

कॅसांड्रा क्रॉस, मॉली ड्रॅगिविच आणि केली रिचर्ड्स यांनी 2018 मध्ये हे सगळं घरगुती हिंसाचारातल्या मानसिक छळाशी ताडून बघितलं, तर पद्धती भलत्याच सारख्या निघाल्या, माणसाला घरच्यांपासून तोडायचं, सतत नजर ठेवायची, नाही म्हटलं की अपराधी वाटायला लावायचं. 'तुझ्या घरच्यांना आपलं सुख बघवत नाही' असलं काहीतरी ताईला नक्की ऐकवलं असणार, आणि आता घरचे चिडलेत म्हणजे त्याचंच म्हणणं खरं ठरतंय.

आकडे हवेच असतील तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे, 2022 या एका वर्षात जवळपास 70,000 लोकांनी अशी तक्रार केली, नुकसान 1.3 अब्ज डॉलर. हे फक्त तक्रार करणारे. लाजेने गप्प बसलेले यात नाहीत, आणि इंटरव्ह्यूलाही तेच येतात ज्यांनी निदान स्वतःशी तरी कबूल केलंय, त्यामुळे हे अभ्यास वाचताना तेवढं डोक्यात ठेवा.

तुम्ही विचारलंत अजून पुरावे दाखवू का. माझं मत, नको. फोटोंचं तिला कळलंय, आणखी दाखवून ती फक्त अजून लपवायला लागेल. त्याऐवजी तिला त्याच्याबद्दल बोलू द्या, ऐकायला कितीही कसंतरी झालं तरी. आणि एक गोष्ट आजच सांगून ठेवा, कुणीही पोलीस, वकील, बँकवाला म्हणून फोन करून 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी एवढी फी भरा' म्हणाला तर भरण्याआधी तुम्हाला एक फोन करायचा. बऱ्याचदा तीच टोळी नवं नाव घेऊन परत येते. फोन मात्र तिच्या हातातून काढून घेऊ नका.